दोन आठवड्यांचे गवंडी

मिरज, जालना, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), वाशिम... महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ‘मिशन कंपाउंड’ नावाची एक जागा असते. रुंद व्हरांड्याचा जुना बंगला, एक चर्च, एक शाळा आणि बहुतेक ठिकाणी एक दवाखाना. आपण या वास्तू पाहतो त्या बांधून झाल्यावर, दोन-तीन पिढ्यांनंतर. त्या कुणाच्या हातांनी उभ्या राहिल्या, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. पण केनियाच्या चहाच्या डोंगरांत, पापुआ न्यू गिनीच्या पहाडी खोऱ्यांत अशी कंपाउंडं आजही वाढत आहेत. तिथे विटा आणि ब्लॉक उचलणाऱ्यांत दरवर्षी कितीतरी माणसं अशी असतात, की ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय वेगळाच आहे. कुणी शाळामास्तर, कुणी दंतवैद्य, कुणी निवृत्त शेतकरी. दोन आठवड्यांची रजा काढायची, विमानाचं तिकीट पदरच्या पैशानं किंवा आपल्या मंडळीच्या वर्गणीतून काढायचं, शिवाय सिमेंट-लोखंडासाठी रक्कम द्यायची आणि परक्या देशात जाऊन घमेली वाहायची, असा हा प्रकार आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या अंदाजाप्रमाणे 2005च्या सुमारास वर्षाला सुमारे 16 लाख अमेरिकी चर्च-सदस्य अशा अल्पकालीन मिशन-दौऱ्यांवर परदेशी जात होते. ते सगळेच बांधकामाला जात नव्हते, पण बांधकाम हे या दौऱ्यांचं फार आवडतं काम राहिलं आहे.

या पथकांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, केवढा हा सेवाभाव! दुसरं म्हणतं, तिकिटाच्या पैशात गावातल्याच दहा गवंड्यांना काम मिळालं असतं. दोन्हींत तथ्य आहे. माझं मत या दोन्हींपेक्षा थोडं वेगळं आहे आणि ते बांधकामाच्या जागेवरच्या एका साध्या व्यवस्थेवर उभं आहे. तिथे मिस्त्री असतो आणि बिगारी असतो. पाहुणा बिगारी झाला आणि मिस्त्री गावचाच राहिला, तर इमारत बहुधा चांगली होते. हे उलटं झालं की घोटाळा होतो. हे प्रकरण मुख्यतः या वाटणीबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास. विमानं येण्यापूर्वी परदेशी मिशनमध्ये दोन आठवड्यांचा पाहुणा असणं शक्यच नव्हतं. जो येई तो वर्षानुवर्षांसाठी येई, पुष्कळदा मरेपर्यंत. चर्च मिशनरी सोसायटीने युगांडासाठी अलेक्झांडर मॅके हा स्कॉटिश इंजिनियर पाठवला. तो 1876मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि आधी किनाऱ्यापासून आत म्प्वाप्वापर्यंत सुमारे 230 मैलांची वाट झाडी तोडून तयार करण्यात गुंतला. युगांडात पोहोचायला त्याला 1878 उजाडलं. सुतारकाम, लोहारकाम, छपाई, नाव बांधणं, सगळं त्यानं केलं आणि शिकवलं. 1890मध्ये तो आफ्रिकेतच तापानं गेला. मंगळूरला बासेल मिशनने 1865मध्ये कौलांचा कारखाना काढला, तो गेओर्ग प्लेब्स्ट यांच्या पुढाकारानं. कोकणात आणि गोव्यात घराघरावर दिसणारी ‘मंगलोरी कौलं’ ही त्या कारखान्याची आणि त्याच्या मागून निघालेल्या इतर कारखान्यांची देणगी. धर्म बदलला म्हणून ज्यांचं गाव आणि धंदा सुटला, त्यांना रोजगार हवा होता. कारखान्यामागचं एक मोठं कारण तेच होतं.

पण या जुन्या काळातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी इमारत मलावीतल्या ब्लँटायरची. 1888 ते 1891 या काळात डेव्हिड क्लेमेंट स्कॉट या पाळकानं तिथे सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे चर्च बांधलं. स्कॉटनं वास्तुशास्त्राचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्याच्या हाताखालच्या आफ्रिकी कामगारांनी त्याआधी भाजलेल्या विटांचं असं बांधकाम केलेलं नव्हतं. माती तिथलीच, विटा तिथेच पाडल्या आणि तिथेच भाजल्या. कमानी, घुमट, मनोरे यांसाठी वेगवेगळ्या घडणीच्या विटा साच्यांत पाडाव्या लागल्या. ते चर्च आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही उभं आहे आणि वापरात आहे. स्कॉटकडे वेळ होता. चुकलेला थर उतरवून पुन्हा लावायला वेळ लागतो आणि शिकणाऱ्याचा हात बसायलाही. पुढे जेट विमानानं अंतर कमी केलं, तेव्हा नेमकी हीच गोष्ट कमी पडू लागली.

1969मध्ये मिशिगनचे छायाचित्रकार आणि हौशी वैमानिक जॉन फ्रीमन यांनी ॲडव्हेंटिस्ट पंथातल्या काही कुटुंबांना गोळा केलं. लोक स्वतःची छोटी विमानं घेऊन बहामा बेटांवर गेले आणि सुट्टीत तिथल्या मंडळीसाठी चर्च बांधू लागले. त्यातून मारानाथा ही संस्था निघाली. 1989मध्ये ती व्हॉलंटियर्स इंटरनॅशनल या तशाच संस्थेत मिसळली आणि आजचं ‘मारानाथा व्हॉलंटियर्स इंटरनॅशनल’ हे नाव आलं. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून ती भारतातही बांधकामं करते आहे. नाझरीन मंडळीने 1974पासून ‘वर्क अँड विटनेस’ या नावानं आपली पथकं पाठवायला सुरुवात केली. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल ज्या मंडळीचं, तीच ही नाझरीन मंडळी. 1955मध्ये पापुआ न्यू गिनीतले तिचे पहिले मिशनरी, सिडनी आणि वांडा नॉक्स हे दांपत्य, तिथल्या वाघी खोऱ्यात पोहोचले. तीनच वर्षांत सिडनी कर्करोगानं गेले. 1967मध्ये त्या खोऱ्यात कुडजिप इथे मंडळीचं रुग्णालय सुरू झालं. तिथल्या टोक पिसिन बोलीत रुग्णालयाला ‘हाउस सिक’ म्हणतात. आजही आसपासच्या डोंगरांतून लोक त्या हाउस सिकची वाट धरतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण या विषयावर बोलणारे बरेचसे लोक भिंतीपर्यंत पोहोचतच नाहीत.

पथक साधारण पंधरा-वीस जणांचं असतं. ते यायच्या कितीतरी आधी कंपाउंडवर काम सुरू झालेलं असावं लागतं. जागा सपाट करून पाया खणलेला, जोतं बांधून झालेलं, वाळू-खडी आलेली, सिमेंट कोरड्या खोलीत फळ्यांवर रचलेलं. ब्लॉकचा हिशेब बघा. 40 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर उंच ब्लॉक घेतला, तर एका चौरस मीटर भिंतीला साडेबारा लागतात. दहा मीटर लांब, तीन मीटर उंच अशा एका भिंतीला पावणेचारशे झाले. चार भिंती आणि आतल्या आडभिंती धरल्या, तर छोट्या वॉर्डलाही काही हजार ब्लॉक लागतात. ते जागेवरच पाडायचे असतील, तर पाडून, पाणी मारून, पक्के होऊ देऊन तयार ठेवायला कित्येक आठवडे लागतात. ही तयारी गावच्या माणसांनी केलेली असते. ती नसली, तर समुद्रापलीकडून आलेले वीस जण पहिले चार दिवस झाडाखाली बसून राहतात.

सकाळी प्रार्थना आणि न्याहारी झाली की काम सुरू होतं. मिस्त्री ओळंबा सोडून कोपरे उभारतो. भिंतीचे कोपरे हे कसबी माणसाचं काम, कारण कोपरा कलला की सगळी भिंत कलते. दोन कोपऱ्यांच्या मध्ये तो सुतळी ताणतो आणि त्या सुतळीच्या रेषेत मधले ब्लॉक बसवायचे. नवशिक्याला जमेल असं काम म्हणजे हे मधलं. तेही पहिल्या दिवशी नीट जमत नाही. माल जास्त पडतो, सांध्यावर सांधा येतो, ब्लॉक सुतळीला टेकतो आणि सुतळी बाहेर ढकलली जाते. मिस्त्री येतो, थापीच्या दांड्यानं दोन ठोके देतो, ब्लॉक जागेवर बसतो. भाषा कळत नसली तरी चालते. दुपारपर्यंत पाहुण्याला कळलेलं असतं की हा माणूस आपल्यापेक्षा किती पुढे आहे. आपल्या देशात डॉक्टर किंवा व्यवस्थापक म्हणून वावरणारा माणूस इथे घमेलं भरून मिस्त्रीच्या हाताशी नेऊन ठेवतो आणि पुढच्या सूचनेची वाट बघतो. या पथकांच्या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं. मदत देणारा आणि घेणारा यांच्यातली चढती-उतरती पायरी इथे काही तासांसाठी खरोखर बदलते, कारण भिंत कुणाची पदवी विचारत नाही.

उत्साही पथकाला भिंतीची एक गोष्ट मात्र जड जाते. एका दिवसात ती फार उंच चढवता येत नाही. खालचे सांधे ओले असतात. वजन वाढलं की माल दबतो आणि भिंत ओळंब्यातून जाते. म्हणून शहाणा मिस्त्री दिवसाला साधारण दीड मीटरच्या वर जात नाही. काँक्रीटचंही तसंच. सात दिवसांत त्याला साधारण दोन तृतीयांश ताकद येते, आणि इंजिनियर ज्या आकड्यावर हिशेब करतात ती ताकद मोजतात अठ्ठाविसाव्या दिवशी. पथक तर चौदाव्या दिवशी विमानात बसतं. लिंटेलवर, स्लॅबवर रोज पाणी मारायचं, सेंट्रिंग योग्य दिवशी काढायचं, ही कामं मागे राहिलेल्यांची. निघण्याआधी छत पडलेलं बघायचंय, फोटो घ्यायचाय, म्हणून घाई करणारं पथक इमारतीचं नुकसान करू शकतं. असं करणारे लोक वाईट नसतात. त्यांच्या रजेचा हिशेब आणि सिमेंटचा हिशेब जुळत नाही, एवढंच.

आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. अमेरिकेतलं सर्वसाधारण घर लाकडी सांगाड्याचं असतं. तिथला अनुभवी बांधकामवाला म्हणजे बहुधा सुतार. आफ्रिकेत किंवा मध्य अमेरिकेत कंपाउंडवरचं बांधकाम दगड, वीट, ब्लॉक आणि सिमेंटचं. त्यामुळे वीस वर्षं घरं बांधलेला अमेरिकी माणूससुद्धा ब्लॉकच्या भिंतीपुढे नवशिका असू शकतो. छपराच्या लाकडी कैच्या आल्या की मात्र तोच माणूस उस्ताद ठरतो. भिंती होईपर्यंत त्यानं बिगारी व्हावं, कैच्यांना हात लावताना मिस्त्री व्हावं, आणि गावातली दोन तरुण मुलं आपल्या हाताखाली घ्यावीत, ही वाटणी ज्या कंपाउंडनं ओळखली तिथली कामं चांगली झाली. कुडजिपसारख्या ठिकाणी, जिथे लाकडी घरं आणि पत्र्याची छपरं रूढ आहेत, तिथे परदेशी सुताराचं कसब पहिल्या दिवसापासून कामी येतं. विजेचं काम करणाऱ्याला वेगळीच सावधगिरी लागते. त्याच्या देशात घरगुती वीज 120 व्होल्टची आणि 60 हर्ट्झची, केनियात 240 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची. त्याच्या टेपवर फूट-इंच, जागेवरच्या नकाशात मिलिमीटर.

पाहुण्यांचं ज्ञान जिथे खरोखर अपरिहार्य ठरतं, तिथलं उदाहरण म्हणून टेनवेककडे बघावं. नैरोबीच्या पश्चिमेला, बोमेटजवळ, किप्सिगीस लोकांच्या मुलखात वर्ल्ड गॉस्पेल मिशनने 1937मध्ये छोटा दवाखाना सुरू केला. वीस-बावीस वर्षं तो परिचारिकांनीच चालवला. 1959मध्ये अर्नी स्ट्यूरी हे तिथले पहिले कायमचे डॉक्टर आले. रुग्ण वाढत गेले आणि वीज ही मोठी अडचण झाली. सरकारी तारा दूर होत्या आणि डिझेल जनरेटर चोवीस तास चालवणं परवडणारं नव्हतं. आणि ही सगळी ओढाताण चाललेली असताना कंपाउंडच्या खालच्या अंगाला न्यांगोरेस नदीचा धबधबा रात्रंदिवस कोसळत होता. 1987मध्ये त्या नदीवर छोटं जलविद्युत केंद्र सुरू झालं, सुमारे 320 किलोवॉटचं. बंधारा कुठे घालायचा, किती व्यासाच्या नळातून पाणी आणायचं, कोणतं टर्बाइन बसवायचं, हा अनेक वर्षांच्या आकडेमोडीचा आणि अनुभवाचा विषय होता. शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण, प्रयोगशाळा, नवजात बाळांची खोली, सगळ्यांना अखंड वीज मिळू लागली, त्याचा अर्थ रुग्णालयात काम केलेल्या कुणालाही सांगावा लागणार नाही. आज टेनवेकमध्ये आफ्रिकेतले तरुण डॉक्टर सर्जन होण्याचं प्रशिक्षण घेतात.

ही नदी मारा नदीची उपनदी आहे आणि मौ जंगलात उगम पावते. गेल्या काही दशकांत ते जंगल मोठ्या प्रमाणावर तोडलं गेलं. पावसात नदी गाळ घेऊन येते, कोरड्या दिवसांत तिचं पाणी आटतं. म्हणजे असं केंद्र एकदा बांधून भागत नाही. गाळ काढणं, जाळ्या साफ ठेवणं, यंत्राची निगा राखणं हे वर्षभराचं काम. ते दोन आठवड्यांच्या पथकाच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी तिथेच राहणारे तंत्रज्ञ लागतात.

आता पैशाचा प्रश्न. 1998मध्ये मिच चक्रीवादळानं होंडुरासची हजारो घरं वाहून नेली. नंतर कितीतरी ख्रिस्ती पथकं तिथे घरं बांधायला गेली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी या कामाचा अभ्यास करून 2006मध्ये निष्कर्ष मांडले. स्थानिक लोकांनी बांधलेलं घर सुमारे 2,000 डॉलरचं, तर एक घर बांधून जाणाऱ्या पथकाचा दौरा सरासरी सुमारे 30,000 डॉलरचा. घर परदेशी पथकानं बांधलं की स्थानिक संस्थेनं, यामुळे त्यात राहणाऱ्यांच्या आयुष्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. दौऱ्यावरून परतलेले लोक म्हणत होते की आपण आता जास्त दान करतो. प्रत्यक्ष नोंदींत ती वाढ अगदी किंचित निघाली.

हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो आणि अशा कामावर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं तो समजून घ्यावा असंही वाटतं. पण त्यातून ‘पैसे पाठवा, माणसं पाठवू नका’ एवढाच धडा काढणं पुरेसं नाही. तो पैसा माणसानं रजा काढून जायचं ठरवल्यामुळेच जमलेला असतो. दौरा रद्द केला तर तो आपोआप होंडुरासला पोहोचेल असं नाही. आणि साधं राहतं घर बांधण्याचं कसब तर होंडुरासच्या गावागावांत होतंच. तिथे पाहुण्यानं नेलेलं कसब काय होतं, हा खरा प्रश्न. टर्बाइन बसवणं आणि घराची भिंत रचणं या दोहोंना एकच माप लावता येत नाही.

या टीकेतून काही बदल झाले, काही त्याआधीच सुरू झाले होते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इंजिनियरिंग मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल ही संस्था निघाली. तिची पथकं घमेली वाहायला जात नाहीत. वास्तुरचनाकार, स्थापत्य अभियंते, सर्व्हेअर जागेवर जातात, मोजणी करतात, माती तपासतात, कंपाउंडच्या लोकांशी बोलतात आणि नकाशे करून देतात. बांधतात स्थानिक ठेकेदार. जो इंजिनियर आहे त्यानं इंजिनियरचंच काम फुकट करावं, हे मला फार पटतं.

मारानाथानं दुसरी वाट शोधली. मिनेसोटाचे उद्योजक गार्विन मॅकनीलस यांच्या कल्पनेतून 2008च्या सुमारास ‘वन-डे चर्च’ आलं. पोलादी खांब, कैच्या आणि छपराचे पत्रे असा संच आणायचा आणि पाच-सात जणांनी तो एका दिवसात उभा करायचा. सांगाडा आणि छप्पर एवढंच संचात. भिंती गावच्या मंडळीनं आपल्या सोयीनं घालायच्या, मातीच्या, विटांच्या, बांबूच्या, जे मिळेल त्याच्या. पावसात आधी छप्पर लागतं, भिंती मागाहून चालतात, हे ज्यानं खेड्यात शाळा भरलेली पाहिली आहे त्याला लगेच पटेल. पुढे याच धर्तीवर शाळेच्या खोल्याही झाल्या. यात पोलाद बाहेरून येतं ही उणीव राहते. गंज चढला, पत्रा उडाला, तर जुळता भाग जवळ मिळेलच असं नाही. तरी रोजच्या वापरातली भिंत गावच्या हातात ठेवली, हे या योजनेचं शहाणपण आहे.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक जवळचा धागा सापडेल. पिएर सेरेसोल या स्विस शांततावादी ख्रिस्ती माणसानं 1920मध्ये पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हेर्दूंजवळच्या एका फ्रेंच गावात वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक जमवून घरं उभारायला घेतली. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना झाली. 1934च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल भारतात आले आणि पडलेली गावं पुन्हा वसवण्याच्या कामात राहिले. ही संघटना धर्मप्रसार करत नाही, म्हणून ती मिशनच्या पथकांहून वेगळी. याच संघटनेचे नाना देशांचे तरुण 1950च्या दशकात वरोऱ्याजवळ आनंदवनात आले आणि त्यांनी बाबा आमट्यांच्या कुष्ठरुग्णांबरोबर तिथल्या सुरुवातीच्या पक्क्या इमारती बांधल्या. ज्यांच्याकडे लोक वळूनही बघत नव्हते, त्यांच्या हाताशी ही मुलं विटा देत होती. पाहुणे गेले, आणि पुढे आनंदवनातल्या माणसांनीच वरोऱ्यात महाविद्यालयाची इमारत उभी केली. कुठल्याही मिशन कंपाउंडनं समोर ठेवावं असं हे उदाहरण आहे. आनंदवनात पाहुण्यांनंतर काम वाढलं, कारण हात तिथल्यांचे तयार झाले होते.

आज अनेक जुन्या मिशन कंपाउंडांना नव्या इमारतीपेक्षा डागडुजीची गरज जास्त आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे वॉर्ड गळू लागले आहेत, वायरिंग जुनं झालं आहे, पाण्याच्या टाक्या झिरपतात. देणगी मागताना नवी इमारत दाखवणं सोपं असतं. गळक्या नळाच्या फोटोवर कुणी वर्गणी गोळा करत नाही. म्हणून जे पथक स्वतःहून रंगकामाला, गटारं मोकळी करायला, पत्र्यांचे वॉशर बदलायला, बंद पडलेलं ऑक्सिजन यंत्र दुरुस्त करायला तयार होतं, ते कंपाउंडच्या मोठ्या उपयोगी पडतं. अशा पथकानं निघण्याआधी तिथल्या देखभाल करणाऱ्या माणसाकडून कामांची यादी मागवावी, आपल्या आवडीची यादी त्याच्यावर लादू नये. नळ, स्विच, कुलपं आपल्या देशातून बॅगेत भरून नेऊ नयेत. तालुक्याच्या बाजारात मिळतात तीच बसवावीत, म्हणजे पुढच्या वर्षी बिघडली तर तिथल्याच दुकानातून सुटा भाग आणता येईल. आणि मिस्त्रीची रोजची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर लिहावी, दौऱ्याचे दोन आठवडे आणि त्यानंतरचे पाणी मारण्याचे दिवसही धरून.